प्रकल्प नोंदी: इंदूर-उज्जैन विभागांसाठी वितरक आणि सर्व्हिस पार्टनर

10 फेब्रुवारी 2025, सोमवार

काम आजपासून माझ्याकडे. इंदूर विभागाचे आठ जिल्हे, उज्जैनचे सात. हा पंधरा जिल्ह्यांचा पट्टा आतापर्यंत भोपाळच्या वितरकाकडे होता, निदान कागदावर तरी होता. जूनअखेर इंदुरात स्वतंत्र वितरक नेमायचा आणि सर्व्हिसची सोय लावायची. माल आमच्या कंपनीचा नेहमीचाच, प्रयोगशाळेतली उपकरणं: थर्मल सायकलर (डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र), रिअल टाइम पीसीआर (प्रती निघतानाच मोजणारं), सेंट्रिफ्यूज, प्लेट रीडर, उणे 80 चे फ्रीझर.

मुंबईला पाठवलेल्या योजनेत मी लिहिलंय: एक पार्टी, एक करार, एक फोन नंबर. जो विकेल तोच दुरुस्त करेल. साहेबांना आवडलं. लगेच मंजूर.

13 फेब्रुवारी

दोन दिवस नुसते फोन. जुन्या यादीतल्या प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर घेऊन विचारलं, चालू आहे का? 2020-21 मध्ये कोविडच्या निधीतून घेतलेल्या रिअल टाइम पीसीआरची गत वाईट आहे. वॉरंटी तीन वर्षांची होती, ती संपली. पुढच्या सीएमसीची (सुट्या भागांसकट देखभालीच्या कराराची) तरतूद कोणी केलीच नव्हती, कारण तेव्हा तीन वर्षांपुढचा विचार करायला कोणाला सवड होती! एका ठिकाणी मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर फाइली. बाई म्हणाल्या, ‘‘चालू आहे हो, पण चालवत नाही.’’ हे नक्की चालू की बंद, यादीत काय लिहायचं ते ठरेना. शेवटी तिसरा रकाना केला: ‘झाकलेलं’.

19 फेब्रुवारी

दवा बाजार. उमेदवार क्रमांक एक. काचसामान आणि रसायनांची जुनी पेढी, शेठ तिसऱ्या पिढीतले. कॉलेजांना सहा-सहा महिने उधारीवर माल देण्याची ताकद, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर हात बसलेला, प्रत्येक स्टोअरकीपरशी घरोबा. वितरक म्हणून याहून चांगला माणूस इंदुरात मिळणं कठीण.

शेठनी एक हिशेब समजावला तो इथे लिहून ठेवतो. सरकारी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर 5 टक्के जीएसटीची सवलत होती, ती जुलै 2022 मध्ये गेली. आता 18 टक्के. संस्थेची मंजुरी मात्र दहा लाखांचीच राहिली. म्हणजे पूर्वी दहा लाखांत मशीनच्या मूळ किमतीला साडेनऊ लाख मिळायचे, आता साडेआठसुद्धा पुरते नाहीत. मग कात्री कुठे लागते? ‘‘सबसे पहले यूपीएस कटता है,’’ शेठ म्हणाले, ‘‘फिर ट्रेनिंग.’’

सर्व्हिस सेंटर दाखवा म्हटलं. सांवेर रोडच्या गोदामात नेलं. शटरवर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ अशी पाटी, आत खोकी. एक टेबल, एक सोल्डरिंग गन, तिची वायर अजून गुंडाळलेली. पाटी कशासाठी, तर अनेक टेंडरांत अट असते की राज्यात चालू सर्व्हिस सेंटर हवं. पाटी आहे, फोटो आहे, अट पूर्ण.

विक्रीच्या पोराला सहज एक प्रश्न विचारला. 12,000 आरपीएमला किती जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ? ‘‘मशीन दाखवतं ना सर.’’ दाखवतं, पण ग्राहक विचारतो ते दुसरंच. जुन्या मशीनवर 12,000 ला गोळा खाली बसायचा, तुमच्यावर का बसत नाही? रोटरची त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर असेल तर 12,000 ला सुमारे 13,700 जी पडतात, सहा सेंटिमीटर असेल तर 9,700 सुद्धा नाहीत. आरपीएमचा वर्ग, गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले 0.00001118. एवढी एक ओळ ज्या पोराला येते, तो महिन्याला एक तरी फुकटची तक्रार वाचवतो.

24 फेब्रुवारी

भोपाळला जायचं होतं. आज-उद्या तिथे गुंतवणूकदार परिषद, त्यामुळे एकही हॉटेल नाही. जुन्या वितरकाशी निरोपाचं बोलणं फोनवरच उरकलं. उरलेले सुटे भाग परत करतो म्हणाले. पाहू.

28 फेब्रुवारी

पिथमपूर. युनियन कार्बाइडच्या कचऱ्याची चाचणी-जाळणी आजपासून, म्हणून जागोजागी पोलीस. फाटकावरच तासभर गेला.

औषध कंपनीच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत मात्र काम चोख. इथे कोणी ‘मशीन चांगलं आहे का’ विचारत नाही. आयक्यू, ओक्यू, पीक्यूच्या (मशीन नीट बसलं, चालतं, काम देतं याच्या तपासण्यांच्या) फाइली कोण भरणार, येणाऱ्या इंजिनियरचं ट्रेनिंग सर्टिफिकेट आहे का, त्याच्या हातातल्या मीटरचं कॅलिब्रेशन कधीचं, कोणत्या एनएबीएल-मान्यताप्राप्त लॅबचं, हे विचारतात. ऑडिटर आला की मशीनकडे बघतही नाही, कागद मागतो. शेठच्या विक्रीच्या पोराला इथे पाठवलं तर गेटपासच्या पुढे जाणार नाही.

6 मार्च

रामबागेत एका काकांचं नाव तीन वेगवेगळ्या लॅबवाल्यांनी दिलं होतं. आज गेलो. एका कॉलेजच्या वर्कशॉपमधून निवृत्त, वय 63, घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्ती. भिंतीवर पाटी नाही. बेल वाजवल्यावर आतून आवाज, ‘‘सेंट्रिफ्यूज का इनक्यूबेटर?’’

टेबलावर कोणत्या तरी जुन्या सेंट्रिफ्यूजची मोटर उघडलेली. कार्बन ब्रश झिजून नखाएवढे राहिलेले. काकांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘हे अडीचशे रुपयांचं काम. कंपनीच्या माणसाने मोटर बदला म्हणून कोटेशन दिलंय.’’ कोणती कंपनी ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

मग वही पाहिली. लांब खातेवही, पेन्सिलीने ओढलेले रकाने. तारीख, लॅब, सिरियल नंबर, खोलीचं तापमान, आणि या सगळ्याच्या आधी पहिला रकाना: न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्ट. प्रत्येक भेटीला. सेंट्रिफ्यूज असो की पाण्याचा बाथ.

‘‘काका, हे सगळ्यात आधी का?’’

‘‘आधी भिंत बघायची, मग मशीन. मशीन नवं असतं, भिंत जुनी असते.’’

अडचणीही लिहितो, नाहीतर मीच भाळलो असं व्हायचं. प्रोबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट 2023 मध्ये संपलेलं. रिपोर्ट हाताने, मराठी-इंग्रजी सरमिसळ. जीएसटी नंबर नाही. स्कूटरवरून जातात, म्हणजे मंदसौर-नीमच नाही. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे, सध्या एका खासगी कंपनीत नोकरी. चहा तिनेच आणला, बोलणं मात्र पूर्ण ऐकून गेली.

19 मार्च

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. काम शून्य, डोक्यातला गुलाबी रंग दोन धुण्यांत गेला नाही.

29 मार्च

मार्च एंडिंग. शेठनी हंगामी ऑथरायझेशन लेटरवर (आमचा माल विकायच्या परवानगीपत्रावर) पंधरवड्यात चार सेंट्रिफ्यूज आणि दोन थर्मल सायकलर खपवले. बिलं 31 च्या आत, माल गोदामात, इन्स्टॉलेशन ‘एप्रिलमध्ये बघू’. ग्राहकालाही तेच हवं, निधी परत जाऊ नये एवढंच. साहेबांचा आज अभिनंदनाचा मेल. सहापैकी एकाही ऑर्डरमध्ये यूपीएस नाही.

8 एप्रिल

खंडवा रोडवरची एक लॅब. मशीन आपलंच, तीन वर्षांचं. तक्रार अशी की उजवीकडच्या कोपऱ्यातल्या नळ्यांत पीसीआर होत नाही. तिथे काम करणाऱ्या ताईंनी जेलचे (पीसीआरचा निकाल पट्ट्यांत दाखवणारे) फोटो टेबलावर मांडून ठेवले होते, तारखेप्रमाणे. डावीकडे स्वच्छ पट्टे, उजवीकडे जाता जाता फिकट, शेवटी काहीच नाही. त्यांच्या गाइडने म्हणे दोन महिने त्यांनाच सुनावलं, तुझा हात थरथरतो, पिपेटिंग नीट नाही.

शेठच्या विक्रीच्या पोराने येऊन सेल्फ टेस्ट चालवली होती, पास आली, ‘मशीन ओके’ असा शेरा मारून गेला. म्हणून आज काकांना बरोबर नेलं, ओळखीखातर. आधी भिंत: 1.4 व्होल्ट, ठीक. मग त्यांनी पिशवीतून आठ प्रोबचा संच काढला. नळ्यांत खनिज तेलाचा एकेक थेंब, त्यात प्रोब, 96 खाचांच्या ब्लॉकवर चार कोपरे आणि मधल्या चार जागा. सेटिंग 95 अंश. तीस सेकंद थांबून वाचायला सुरुवात केली, मी लिहून घेत होतो. ए1: 94.8. डी6: 95.0. ए12: 94.1. एच12, म्हणजे उजवीकडचा शेवटचा कोपरा: 92.7.

ताई तो आकडा बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझा हात नाही थरथरत.’’

95 अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे व्हायचे असतात. 92.7 ला ते पूर्ण सुटतीलच असं नाही, आणि सुटले नाहीत तर पुढच्या 60 आणि 72 च्या पायऱ्या कितीही अचूक असोत, उपयोग काय? सेल्फ टेस्ट पास का, तर या मॉडेलचा सेन्सर ब्लॉकच्या मध्याखाली आहे. तो खोटं बोलत नव्हता, त्याला कोपरा दिसत नव्हता.

ब्लॉक उचलला. खालच्या सहा पेल्टियेंपैकी (विजेवर ब्लॉक तापवणाऱ्या-निववणाऱ्या चकत्यांपैकी) एकाचा विद्युत रोध बाकीच्यांच्या जवळपास दीडपट. आतले सोल्डरचे सांधे तडकतात तेव्हा असं होतं. इथे रोज चार रन, प्रत्येकी 35 सायकल, म्हणजे दिवसाला 140 वेळा तापणं आणि निवणं. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 42,000. तीन वर्षांत सव्वा लाख. पेल्टिये हा झिजणारा भाग आहे, टायरसारखा, पण आपल्या ब्रोशरमध्ये तसं कुठे लिहिलेलं नाही.

भिवंडीच्या गोदामात फोन केला. पेल्टियेचा संच: शिल्लक शून्य. परदेशातून पाच आठवडे. ताईंना हे मीच सांगितलं. काकांनी मात्र निघताना ब्लॉकच्या कडेला मार्करने रेघ मारून दिली, ‘‘तोवर या रेघेच्या डावीकडेच काम करा.’’ बहात्तर खाचा वापरता येतील. पाच आठवड्यांचा कोरा वेळ वाचला.

22 एप्रिल

शेठकडून इन्स्टॉलेशनची यादी मागवली. सहापैकी दोन झाली. बाकी ‘पार्टी रेडी नाही’.

6 मे

देवासकडची खासगी तपासणी लॅब. रिअल टाइम पीसीआर रन अर्ध्यावर आला की संपर्क तुटतो आणि लाल दिवा लागतो. भोपाळच्या काळात एकदा मेन बोर्ड बदलून झालाय, पैसे ग्राहकाने भरलेत. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मालक चिडलेले, आणि योग्यच.

बाहेर 41 अंश. काकांनी मशीनला हात लावला नाही. मीटरच्या दोन तारा सॉकेटमध्ये घातल्या: न्यूट्रल ते अर्थिंग, 13 व्होल्ट. दोनच्या आत हवं. एसी सुरू झाला की 16.

‘‘अर्थिंगचा खड्डा कुठाय?’’ कोणालाच माहीत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला ठेकेदाराला ठाऊक, ठेकेदार गुजरातला. शेवटी माळ्याने दाखवला. पार्किंगला फरशी घातली तेव्हा खड्डा तिच्याखाली गेला होता, चार वर्षं पाण्याचा थेंब नाही. फरशी उचलली तर माती विटेसारखी कोरडी, पट्टीचा बोल्ट गंजून सैल. काकांनी बोल्ट घासून आवळायला लावला. माळ्याने बादल्या ओतल्या, लॅबच्या स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी आली. पहिल्या दोन बादल्या मातीने गटागटा पिऊन टाकल्या. सातवी बादली वर तरंगायला लागली तेव्हा आत जाऊन मोजलं: 1.8.

मीठ-पाणी ही तात्पुरती मलमपट्टी, हे मालकांना लिहून दिलं. नवा खड्डा आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे करून घ्या, पाइपला वरून पाणी घालता येईल असा, आणि ऑनलाइन यूपीएस लावा. संध्याकाळी दोन रन सलग पूर्ण झाले. बोर्डाचे पैसे गेले ते गेलेच. ते बोर्ड बहुधा निरपराध होतं.

परतताना गाडीत मी गप्प. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘मे महिन्यात मशिनं जास्त आजारी पडतात. पाऊस पडला की आपोआप बरी होतात, आणि मग इंजिनियर म्हणतो मी केलं.’’

12 मे

मुंबईशी दीड तास कॉल. मी योजना मागे घेतली. विकणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा हवा, आणि दुरुस्त करणाऱ्याचे पैसे कंपनीने थेट द्यायला हवेत. साहेब म्हणाले, फेब्रुवारीत तुम्हीच तर उलट लिहिलं होतं. होय, मीच.

कारण एवढंच की वितरकाचा पैसा बिल फाटतं त्या दिवशी सुटतो. त्यानंतरचा प्रत्येक फोन त्याच्यासाठी खर्च. शेठ वाईट नाहीत, हिशेबी आहेत. त्यांच्या जागी मीही यूपीएस कापला असता आणि पोराला ‘ओके लिहून ये’ म्हटलं असतं. उलट काकांना कॉलमागे पैसे दिले तर त्यांनाही मशीन बिघडण्यातच रस. म्हणून मागणी केली ती महिन्याच्या ठरावीक रकमेची, ठरलेल्या दौऱ्यांसकट: प्रत्येक मशीनला वर्षातून दोनदा भेट, भिंत आणि तापमानाची नोंद, बिघाड असो नसो. सीएमसीत हे पैसे तसेही आपण ग्राहकाकडून घेतोच.

साहेब शेवटी म्हणाले, ‘‘शेठ ऐकतील तर करा.’’

20 मे

शेठ ऐकेनात. त्यांची भीती सरळ आहे. सर्व्हिसवाला रोज ग्राहकाच्या घरात जाणार, पुढचं मशीन कोणतं घ्यायचं हे ग्राहक त्यालाच विचारणार, आज पाना आणि उद्या कोटेशन. ‘‘गाड़ी कंपनी की, ड्राइवर आपका, और पेट्रोल मैं डालूँ?’’

दोन तास गेले. तोडगा असा निघाला. सर्व्हिस पार्टनर करारकाळात आणि त्यानंतर एक वर्ष या पंधरा जिल्ह्यांत कोणाचंही उपकरण विकणार नाही. त्याला कळलेली नवी गरज तो शेठना कळवेल. वॉरंटीतल्या भेटींचा बोजा शेठवर नाही, बदल्यात त्यांच्या मार्जिनमधून थोडं कमी. जेमवर आपलं ऑथरायझेशन लेटर यापुढे तेव्हाच, जेव्हा ऑर्डरमध्ये यूपीएस असेल किंवा जागेवरच्या व्होल्टची नोंद जोडलेली असेल. या शेवटच्या अटीवर शेठ हसले. म्हणाले, हे कलम कोणी वाचलं तर मला वेडा म्हणतील. पण मान्य केलं. गोदामावरची पाटीही उतरवतो म्हणाले, अर्थात पुढच्या टेंडरला पत्ता काकांचा द्यायचा या बोलीवर.

31 मे

काकांच्या मुलीने नोकरी सोडली. फर्म तिच्या नावावर, जीएसटी नंबर आला. मी तिला विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, ‘‘बाबांची वही मी लहानपणापासून बघतेय, रकाने तेवढे वाढवायचे आहेत.’’ प्रोबचा संच कॅलिब्रेशनला रवाना, खर्च कंपनीचा. तिचं ट्रेनिंग मुंबईत 9 ते 13 जून. पिथमपूरसाठी सर्टिफिकेट तिच्याच नावाने लागेल, काकांना परीक्षा द्यायला लावण्यात अर्थ नाही.

आज अहिल्यादेवींची 300 वी जयंती, शहरभर कार्यक्रम, त्यात मेट्रोचंही उद्घाटन. गर्दीत कुरिअरवाला अडकला.

11 जून

सुट्या भागांची पेटी रामबागेत पोहोचली, मुंबईहून रात्रीच्या लक्झरी बसच्या डिकीतून. पेल्टियेचे दोन संच, झाकणाचे हीटर, पंखे, पॉवर सप्लाय, फ्यूज, सेंट्रिफ्यूजच्या झाकणाची कुलपं, फ्रीझरच्या कंडेन्सरचे फिल्टर. मागणीपत्र मंजूर व्हायला तीन आठवडे लागले, कारण ‘न विकलेला माल पार्टनरकडे का ठेवायचा’ हा प्रश्न चार टेबलांवर विचारला गेला.

त्यातला एक संच लगेच खंडवा रोडला बसवला. पाच नव्हे, नऊ आठवडे झाले होते. काकांनी पुन्हा आठ प्रोब लावले: एच12, 94.9. ताईंनी ओल्या बोळ्याने मार्करची रेघ पुसायचा प्रयत्न केला, पुसली जात नव्हती. स्पिरिट लागलं.

18 जून

दोन्ही करार झाले. शेठनी पेढे आणले. काकांनी करारातला प्रत्येक आकडा मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, ‘‘नीमचला स्कूटरने जायचं नाही ना?’’ बस किंवा टॅक्सीचं भाडं मिळेल हे कलम दाखवलं.

राहिलेलं काम: मार्चची दोन इन्स्टॉलेशन, ‘झाकलेल्या’ मशीनना सीएमसीचं कोटेशन, भोपाळचे सुटे भाग (आले नाहीत).

3 जुलै

हिशेब खात्याचा मेल. जूनमध्ये सर्व्हिस पार्टनरकडे बिघाडाचे कॉल दोनच नोंदलेत, मग पूर्ण महिन्याचं बिल कसं? कारण लिहून कळवावे, तोवर बिल रोखले आहे.

काकांच्या मुलीला फोन केला. ती उज्जैनला, पाऊस सुरू. बारा दिवसांत अकरा लॅब झाल्या म्हणाली. वहीच्या त्या पानांचे फोटो मागवलेत, पहिल्या रकान्यासकट. दोन ठिकाणी 7 व्होल्ट निघाले आहेत.